युसेबियसशी वाद घालणारी पुस्तकं

ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या चारशे वर्षांचा इतिहास वाचावा म्हणून कुणी इंग्रजी पुस्तकांच्या दुकानात शिरलं, तर धर्माच्या कपाटापाशी त्याला दोन सूर ऐकू येतात. एक भाविकांचा. प्रेषित दाही दिशांना गेले, छळ झाला, रक्त सांडलं आणि अखेर रोमचा सम्राटच ख्रिस्ताला शरण आला. दुसरा गौप्यस्फोट करणाऱ्यांचा. खरी शुभवर्तमानं जाळली, सोयीची तेवढी ठेवली आणि चर्चने हे सारं दडवलं. दोन्ही प्रकारची पुस्तकं धडाक्याने खपतात आणि दोन्हींत खोड एकच: आपल्याला हे कसं कळलं, ते लेखक सांगत नाही. घटना जणू त्याच्या डोळ्यांदेखत घडल्या होत्या.

या काळावरचं चांगलं पुस्तक ओळखायची माझी कसोटी त्यामुळे साधी आहे. लेखक साक्षीदाराचं नाव घेतो का? आणि तो साक्षीदार युसेबियस असेल (बहुतेक वेळा असतोच), तर लेखक त्याची उलटतपासणी घेतो का?

युसेबियस हा पॅलेस्टाईनच्या किनाऱ्यावरच्या कैसरिया शहराचा बिशप. जन्म इ.स. 260 च्या आगेमागे, मृत्यू 339 च्या सुमाराला. त्याने ग्रीकमध्ये लिहिलेला चर्चचा इतिहास दहा भागांचा आहे आणि त्यावर शेवटचा हात त्याने 325 च्या आसपास फिरवला. नव्या करारातलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक पौल रोममध्ये नजरकैदेत असताना थांबतं. तिथून पुढे युसेबियसपर्यंत, म्हणजे जवळजवळ अडीचशे वर्षं, सलग सांगितलेला इतिहास आपल्या हाती नाही. दुसऱ्या शतकात हेगेसिप्पस नावाच्या लेखकाने आठवणींचे पाच भाग लिहिले होते, ते हरवले. त्यातले काही तुकडे आज वाचता येतात, कारण युसेबियसने ते उतरवून घेतले.

उतरवून घेणं हाच त्याचा मोठा गुण. कैसरियात ऑरिजेन हा तिसऱ्या शतकातला अफाट विद्वान येऊन स्थायिक झाला होता. त्याचं ग्रंथधन पुढे पॅम्फिलसने वाढवलं. युसेबियस या पॅम्फिलसचा शिष्य. गुरूला 310 मध्ये देहदंड झाला, तेव्हा शिष्याने त्याचं नाव आपल्या नावाला जोडून घेतलं. त्या ग्रंथालयात बसून त्याने जुनी पत्रं, वादविवाद, हुतात्म्यांचे वृत्तांत आपल्या पुस्तकात पानंच्या पानं जसेच्या तसे घातले. प्राचीन इतिहासकारांची रीत वेगळी होती. ते प्रसंगाला शोभतील अशी भाषणं स्वतः रचून पात्रांच्या तोंडी घालत. युसेबियस कागदच पुढे करतो.

एकच नमुना सांगतो. 251 च्या सुमाराला रोमचा बिशप कॉर्नेलियस याने अंत्युखियाच्या बिशपला एक चिडलेलं पत्र लिहिलं. विषय होता नोव्हेशियन नावाचा प्रतिस्पर्धी. या माणसाला स्वतःच्या शहरातली मंडळी केवढी मोठी आहे याची तरी कल्पना आहे का, असा त्याचा रोख, आणि त्या रागाच्या भरात कॉर्नेलियसने यादीच दिली: 46 धर्मगुरू, 7 डीकन, 7 उपडीकन, 42 अ‍ॅकोलाइट, भूतबाधा उतरवणारे, वाचक आणि द्वारपाल मिळून 52, शिवाय मंडळीच्या खर्चाने जगणाऱ्या विधवा व गरजू दीड हजारांहून अधिक. तिसऱ्या शतकातल्या कुठल्याही ख्रिस्ती मंडळीबद्दल इतकी नेमकी आकडेवारी मिळणं दुर्मीळ. ती जगली, कारण युसेबियसने पत्राचा हा भाग आपल्या सहाव्या भागात नकलून ठेवला. दीड हजार वर्षांनंतर इंग्रज इतिहासकार एडवर्ड गिबनने याच आकड्यांवरून हिशेब मांडला आणि त्या काळच्या रोममध्ये पन्नास हजार ख्रिस्ती असावेत असा अंदाज केला. आजही या विषयावरचं कुठलंही गंभीर पुस्तक उघडा, ही यादी भेटते. ती वाचून छळाच्या काळात लपूनछपून भजन करणाऱ्या मूठभर भाविकांचं चित्र पुसून जातं. दीड हजार माणसं पोसायची तर वर्गणी जमवावी लागते, धान्य वाटावं लागतं, कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही ते ठरवावं लागतं. बिशपपदासाठी एवढी भांडणं का होत, तेही त्यावरून उमगतं.

आता उलटतपासणी. हाच युसेबियस पहिल्या भागात एदेसाचा राजा अबगर आणि येशू यांच्यातला पत्रव्यवहार देतो. एदेसाच्या दफ्तरातून मिळाला, असं सांगून येशूने राजाला पाठवलेलं उत्तर तो बिनदिक्कत छापतो. ते बनावट आहे यावर आज अभ्यासकांचं एकमत आहे. आठव्या भागात, 303 मध्ये डायोक्लिशियनने सुरू केलेल्या छळाची हकिगत सांगताना, तो उघडच म्हणतो की कच खाल्लेल्यांबद्दल मी लिहिणार नाही, वाचकांना उपयोगी पडेल तेवढंच लिहीन. गिबनने नेमकं यावर बोट ठेवलं, आणि एकोणिसाव्या शतकात जाकोब बुर्कहार्टने तर त्याला सरळ अप्रामाणिक ठरवलं. मला हे जरा जास्त वाटतं. गाळलं म्हणून कबूल करणारा इतिहासकार न सांगता गाळणाऱ्यापेक्षा बरा. पण त्याची नजर कुठे पोचत नव्हती, हे ध्यानात ठेवायला हवं. लॅटिन बोलणाऱ्या पश्चिमेची, विशेषतः कार्थेजची, त्याची माहिती तुटपुंजी आहे, आणि युफ्रेटिसपलीकडचं जग त्याच्या पुस्तकात क्वचितच येतं. शिवाय सम्राट कॉन्स्टंटाइन म्हणजे देवाच्या योजनेचा कळस, अशी त्याची ठाम श्रद्धा होती.

हे मनात ठेवून दुकानात किंवा ग्रंथालयात उभ्या उभ्या करता येतील अशा दोन परीक्षा आहेत. पुस्तकाची सूची उघडायची आणि कॉन्स्टंटाइनने जिंकलेली इ.स. 312 ची मिल्व्हियन पुलाची लढाई शोधायची. सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट अशी: भर दुपारी कॉन्स्टंटाइनला आकाशात प्रकाशाचा क्रूस दिसला, 'याने जिंक' अशी अक्षरं दिसली, रात्री ख्रिस्त स्वप्नात आला, दुसऱ्या दिवसापासून सैन्याने ते चिन्ह मिरवलं. ही गोष्ट अशीच सलग सांगणारं पुस्तक ठेवून द्यावं. लढाईनंतर दोन-तीन वर्षांत लिहिणारा लॅक्टॅन्शियस फक्त स्वप्नाबद्दल सांगतो. ढालींवर चिन्ह काढायचा आदेश मिळाला, एवढंच. युसेबियसच्या चर्चच्या इतिहासात लढाईचं वर्णन आहे, बुडणाऱ्या शत्रूची तुलना तांबड्या समुद्रात बुडालेल्या फारोशी आहे, पण आकाशात काही दिसल्याचा उल्लेख नाही. क्रूस येतो तो त्याच्याच 'कॉन्स्टंटाइनचं चरित्र' या पुस्तकात, आणि ते सम्राट 337 मध्ये वारल्यानंतरचं आहे. सम्राटाने आपल्याला शपथेवर सांगितलं, असं तिथे तो म्हणतो. आधी स्वप्न, मग काहीच नाही, मग पंचवीस वर्षांनी आकाशातला क्रूस. हा क्रम देणारा लेखक पुढच्या तीनशे पानांतही विश्वासाने वाचावा.

दुसरी परीक्षा 325 मध्ये निकाया इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेची, आणि ती गौप्यस्फोटवाल्यांसाठी आहे. या परिषदेने कुठली शुभवर्तमानं ठेवायची आणि कुठली टाकायची ते मतदानाने ठरवलं, असं 'द दा विंची कोड' आल्यापासून निम्मं जग मानतं. परिषदेचे वीस नियम आज उपलब्ध आहेत. त्यांत पाळकांची शिस्त आहे, व्याजावर पैसे देणाऱ्या पाळकांना तंबी आहे, रविवारी गुडघे न टेकता उभं राहून प्रार्थना करावी असंही आहे. पुस्तकांच्या यादीचा पत्ता नाही. नव्या कराराची आज वापरात असलेली सत्तावीस पुस्तकांची नेमकी यादी प्रथम दिसते ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या 367 च्या ईस्टर पत्रात, म्हणजे परिषदेनंतर बेचाळीस वर्षांनी. मतदानाच्या समजुतीचं मूळ एका बायझंटाईन ग्रंथात सापडतं. सगळी पुस्तकं वेदीपाशी ठेवली, प्रार्थना केली आणि अस्सल होती तेवढी वर राहिली, अशी ती भाबडी चमत्कारकथा. व्होल्तेअरने ती टिंगल करायला उचलली आणि तिथून तिला पाय फुटले. भाविकांची दंतकथा चर्चच्या टीकाकारांच्या तोंडून जगभर पसरावी, यातली गंमत मला अजून कमी झालेली नाही.

या दोन्ही परीक्षांत उत्तीर्ण होणारं आणि सुरुवातीला घ्यावं असं पुस्तक म्हणजे हेन्री चॅडविक यांचं 'द अर्ली चर्च'. 1967 साली पेंग्विनने काढलेलं हे पुस्तक नंतर सुधारूनही छापलं गेलं आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांत ते आजही मिळतं. चॅडविक अँग्लिकन धर्मगुरू होते, पण प्रचार करत नाहीत. आटोपशीर वाक्यांत, कधी बारीक चिमटा काढत, ते पहिल्या मंडळ्यांपासून पाचव्या शतकापर्यंत आणतात. डब्ल्यू. एच. सी. फ्रेंड यांचं 1984 चं 'द राइज ऑफ ख्रिश्चॅनिटी' हजार पानांचं धूड आहे. ते सलग वाचायच्या फंदात पडू नये. उत्तर आफ्रिका, तिथल्या चर्चमधली डोनॅटिस्ट फूट, ग्रामीण भागातला असंतोष हे फ्रेंड यांचे हातखंडा विषय, तेवढी प्रकरणं वेगळी काढून वाचावीत. डरमिड मॅककलक यांचा 2009 चा ग्रंथ तर पुढच्या दोन हजार वर्षांना कवेत घेतो. त्याच्या नावात ख्रिस्ती धर्माची पहिली तीन हजार वर्षं आहेत, कारण तो ग्रीक आणि यहुदी मुळांपासून सुरू होतो. सुरुवातीच्या काळासाठी एवढा मोठा ग्रंथ विकत घ्यायची गरज नाही.

हा धर्म पसरला कसा, या प्रश्नावरची पुस्तकं जास्त चुरशीची आहेत, कारण इथे युसेबियसचं उत्तर (देवाची इच्छा) आधुनिक इतिहासकाराला पुरत नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉडनी स्टार्क यांनी 1996 मध्ये सरळ चक्रवाढीचं गणित मांडलं. इ.स. 40 मध्ये हजार ख्रिस्ती धरा, दर दशकाला 40 टक्के वाढ धरा, मग 300 साली साठ लाखांच्या वर आणि 350 साली तीन कोटींच्या पुढे संख्या जाते. चमत्कार नको की सामूहिक धर्मांतर नको. तरुणपणी त्यांनी अमेरिकेतल्या एका नव्या पंथाचा अभ्यास केला होता आणि त्यात दिसलं होतं की माणसं तत्त्वज्ञान पटलं म्हणून येत नाहीत, मित्र आणि नातलग गेले म्हणून जातात. पुस्तक झपाट्याने वाचून होतं आणि डोकं तापवतं. मात्र हजार हा आकडा स्टार्कनी गृहीत धरलेला आहे, सापडलेला नाही. त्याच्या शेजारी रॅमसे मॅकमलन यांचं 1984 चं छोटेखानी 'ख्रिश्चनायझिंग द रोमन एम्पायर' ठेवावं. सामान्य माणसाला भूत उतरवणारा आणि आजार बरा करणारा देव भावला, असा त्यांचा दावा आहे. रॉबिन लेन फॉक्स यांच्या 'पेगन्स अँड ख्रिश्चन्स' (1986) मध्ये जुने देव मरणपंथाला लागलेले नसून चांगले ठणठणीत आहेत. देवळांतले कौल, जत्रा, गावोगावचे उत्सव जोरात चालू आहेत आणि ख्रिस्ती त्या गजबजलेल्या शहरांत राहताहेत. लेन फॉक्स 'फायनान्शियल टाइम्स'मध्ये वर्षानुवर्षं बागकामावर सदर लिहितात. त्यांच्या इतिहासलेखनात मातीचा वास का येतो, ते मग कळतं.

पीटर ब्राऊन यांचं 'द बॉडी अँड सोसायटी' (1988) मराठी वाचकाने चुकवू नये असं मला वाटतं. विषय आहे आरंभीच्या ख्रिस्ती जगातलं ब्रह्मचर्य. लग्न नाकारणाऱ्या तरुण मुली, वाळवंटात गेलेले तपस्वी आणि यामुळे हादरलेली शहरं. संन्यास आणि गृहस्थाश्रम यांची ओढाताण ज्यांनी आपल्या संतसाहित्यात वाचली आहे, त्यांना प्रश्न ओळखीचा वाटेल आणि उत्तरं अनोळखी.

छळाबद्दल बोलायचं तर कँडिडा मॉस यांचं 'द मिथ ऑफ पर्सिक्युशन' (2013) हे शीर्षक मजकुरापेक्षा जोरात बोलतं. आत त्या छळ झालाच नाही असं म्हणत नाहीत. तो अखंड, तीनशे वर्षं, साम्राज्यभर चालला नव्हता, एवढंच सिद्ध करतात, आणि ते अभ्यासकांना आधीपासून मान्य होतं. या विषयात वादापेक्षा पुरावा वाचणं जास्त रंगतदार आहे. 249 मध्ये सम्राट डेशियसने फर्मान काढलं की प्रत्येकाने देवांना बळी द्यावा आणि तसा दाखला घ्यावा. इजिप्तच्या कोरड्या वाळूत असे चाळीसहून अधिक पॅपिरस दाखले सापडले आहेत. अर्जदाराचं नाव, गाव, मी नेहमीच देवांना बळी देत आलो, आताही तुमच्यासमोर दिला, प्रसाद खाल्ला, आणि खाली अधिकाऱ्याची सही. यातला एक दाखला मगरदेव पेटेसुखोसच्या पुजारिणीचा आहे! मगरदेवाच्या पुजारिणीवर ख्रिस्ती असल्याचा संशय कोण घेणार? म्हणजे फर्मान साऱ्या जनतेसाठी होतं, ख्रिस्ती त्यात अडकले. युसेबियस वाचून हे कधीच कळलं नसतं.

असे पुरावे एकत्र हवे असतील तर जे. स्टीव्हन्सन यांनी संपादित केलेलं 'ए न्यू युसेबियस' घ्यावं. 1957 चं पुस्तक, फ्रेंड यांनी 1987 मध्ये वाढवलेलं. नावातच हेतू स्पष्ट आहे: युसेबियसने कागद निवडले, आम्ही पुन्हा निवडतो, यावेळी विरोधकांचेही. त्यात बिथिनियाचा सुभेदार प्लिनीने 112 च्या सुमाराला सम्राट ट्राजनला लिहिलेलं पत्र आहे. हे ख्रिस्ती ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून गाणं म्हणतात. दोन दासींना छळून विचारलं, तरी अचाट अंधश्रद्धेपलीकडे काही मिळालं नाही. आता यांचं करू काय? सम्राटाचं उत्तर थोडक्यात असं: शोधत फिरू नका, निनावी तक्रारी घेऊ नका, पण कुणी समोर आणलाच आणि हट्ट सोडला नाही, तर शिक्षा द्या. सरकारी टिपणीची भाषा दोन हजार वर्षांत फारशी बदललेली नाही. जोडीला पेंग्विनचं 'अर्ली ख्रिश्चन रायटिंग्ज' हे मॅक्सवेल स्टॅनिफर्थ यांचं भाषांतर असावं. अंत्युखियाच्या इग्नाशियसची पत्रं त्यात आहेत. दहा शिपायांच्या पहाऱ्यात मरणाकडे निघालेला हा म्हातारा रोमच्या मंडळीला कळवतो की मला वाचवायच्या भानगडीत पडू नका. 'डिडाखे' ही जुनी नियमपुस्तिकाही त्यात आहे. ती हरवली असं सगळे धरून चालले होते. 1873 मध्ये ती कॉन्स्टँटिनोपलच्या एका मठात, 1056 सालच्या हस्तलिखितात सापडली.

ज्यांना चर्चने हरवलेली पुस्तकं वाचायची आहेत त्यांच्यासाठी इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ 1945 मध्ये सापडलेल्या पोथ्या आणि एलेन पेगल्स यांचं 1979 चं 'द नॉस्टिक गॉस्पेल्स' आहे. ते सुंदर लिहिलेलं आहे, जरा पक्षपाती आहे, आणि त्यामागे 1934 सालचा वॉल्टर बाउअर यांचा जर्मन ग्रंथ उभा आहे. अनेक ठिकाणी आधी 'पाखंड' होतं आणि 'शुद्ध मत' नंतर आलं, असं सांगून बाउअरनी युसेबियसची सगळी मांडणी उलटी केली. त्यांचे बरेच तपशील पुढे टिकले नाहीत. तरी त्यांच्यानंतर युसेबियसचा क्रम डोळे झाकून कुणी स्वीकारला नाही.

युसेबियसची नजर पूर्वेला पोचत नव्हती, ती उणीव भरून काढतात सॅम्युएल मॉफेट यांचा आशियातल्या ख्रिस्ती धर्माचा इतिहास (पहिला खंड, 1992) आणि फिलिप जेन्किन्स यांचं 'द लॉस्ट हिस्टरी ऑफ ख्रिश्चॅनिटी' (2008). सिरियाक भाषेत प्रार्थना करणारी, इराणच्या राजवटीत वाढलेली मंडळी तिथे भेटते, आणि इथेच महाराष्ट्राचा धागा खरोखर सापडतो. सहाव्या शतकाच्या मध्यावर लिहिणारा कॉसमस हा अलेक्झांड्रियाचा व्यापारी सांगतो की 'कल्लियाना' इथे ख्रिस्ती आहेत आणि इराणमध्ये दीक्षा मिळालेला बिशप त्यांच्यावर नेमला जातो. हे ठिकाण म्हणजे ठाण्याजवळचं आपलं कल्याण, असं बहुतेक अभ्यासक धरतात. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावं आहेत, तेच हे बंदर. भारतावरच्या पुस्तकांत ए. मथायस मुंडाडन यांचा पहिला खंड आणि स्टीफन नील यांचा इतिहास, दोन्ही 1984 चे, जोडीने वाचावेत. संत थॉमस भारतात आले ही परंपरा मुंडाडन सहानुभूतीने तपासतात. तिरुनेलवेलीत बिशप राहिलेले नील जास्त हात राखून बोलतात. 'थॉमसची कृत्ये' या सिरियाक ग्रंथातला राजा गोंडोफारिस कल्पित मानला जायचा. एकोणिसाव्या शतकात त्याची नाणी मिळाली. राजा खरा निघाला म्हणून गोष्ट खरी ठरत नाही, हे वेगळं सांगणारा लेखक चांगला.

मराठीत 'क्रिस्तपुराणा'पासून 'स्मृतिचित्रां'पर्यंत ख्रिस्ती लेखनाची मोठी परंपरा आहे, पण या पहिल्या शतकांसाठी आधार इंग्रजीचाच घ्यावा लागतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' शेजारी ठेवलं तर नव्या कराराचे संदर्भ मराठीत पटकन लागतात. पुण्यात ज्ञानदीप विद्यापीठ आणि युनियन बिब्लिकल सेमिनरी या दोन्ही ठिकाणी धर्मशास्त्र शिकवलं जातं. अशा संस्थांच्या ग्रंथालयांत बाहेरच्या वाचकाला बसू देतात का, ते आधी फोन करून विचारावं.

आणि युसेबियस? त्याला शेवटी वाचावं, पण वाचावंच. जी. ए. विल्यमसन यांचं पेंग्विन भाषांतर, अँड्र्यू लाउथ यांनी 1989 मध्ये सुधारलेलं, सर्वांत सुगम आहे. 2019 चं जेरेमी शॉट यांचं नवं भाषांतर मुळाला जास्त धरून चालतं. पैसे खर्चायचे नसतील तर ए. सी. मॅकगिफर्ट यांचं 1890 चं भाषांतर इंटरनेटवर फुकट मिळतं, आणि त्याच्या तळटीपा अजून कामाच्या आहेत. सुरुवात पहिल्या भागापासून करू नये; तिथे जुन्या भविष्यवाण्यांचे मेळ घालण्यात तो दमवतो. पाचवा भाग उघडावा. पहिल्याच प्रकरणात लियों आणि व्हिएन इथल्या मंडळींनी 177 च्या छळाबद्दल आशियातल्या बांधवांना पाठवलेलं पत्र आहे. ब्लँडिना नावाची दासी त्यात सगळ्यांपेक्षा चिवट निघते. याच भागाच्या दहाव्या प्रकरणात अलेक्झांड्रियाचा पँटिनस भारतात गेल्याची आणि तिथे त्याला हिब्रू लिपीतलं मत्तयाचं शुभवर्तमान मिळाल्याची नोंद आहे. ती वाचताना एवढं पाहावं की पत्र नकलून देणारा युसेबियस इथे 'असं म्हणतात' एवढंच म्हणून पुढे जातो.